उजवी पाकळी

ता. ४ एप्रिल १९३३
देवळात बैठक झाली. एकूणएक घर आलं. गावदेवीच्या पायरीला हात लावून सगळ्यांनी शपथ घेतली की यंदा खोताची वेठ नाही. दर वर्षी आधी खोताचा राब भाजायचा, रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचा, त्याची लावणी करायची, तीही फुकट, आणि आपलं शेत तोवर तसंच. यंदा आधी आपलं. पहिला हात तात्यांनी, माझ्या चुलत्यांनी, लावला, गावचे वडील मानकरी म्हणून. मग शंकर गुरव. मी बोललो, पण अवघड गेलं. मुंबईत गिरणीच्या फाटकावर बोलणं सोपं, तिथं आपला चुलता समोर बसलेला नसतो.

ता. ७
आमच्या राबांचा धूर तीन दिवस चाललाय. खोताचा राब तसाच पडून. बायको, भागी, म्हणते, लग्न होऊन आल्यापासून आपलं शेत आधी भाजलेलं पहिल्यांदाच बघितलं.
संध्याकाळी खोत स्वतः देवळात आला. अनवाणी. बोलणं साखरेसारखं. "माझं ऐकू नका, याचंही ऐकू नका," माझ्याकडे बोट. "देवीला कौल लावा. ती वेठ बंद म्हणाली तर माझा राब मी भाजीन."
तात्या लगेच, "बरोबर हाय." बाकी सगळे माना डोलवायला तयारच. देवी काही खोताचं कूळ नाही, तिला कशाला मध्ये घालता, हे मला तेव्हाच म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. १० तारखेला कौल.

ता. ८
शंकरकडे गेलो. चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं आम्ही. कौलासाठी देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवणारा तोच. उजवी आधी पडली तर हो, म्हणजे वेठ बंद; डावी पडली तर नाही. म्हटलं, उजवी नुसत्या पाण्यावर लाव, डावी जरा पेजेवर चिकटव.
 शंकर हसला. "मुंबईत ह्येच शिकलास काय रं?"
म्हटलं, तुझी बायको खोताकडे भात कांडते, ते बंद व्हायला नको? माझ्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाला.
हलका होऊन घरी आलो. भागीला सांगितलं नाही. लाज वाटते, पण

ता. १०
डावी पडली.
गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं. तात्यांनी पागोटं काढून डोकं टेकलं. खोत अंगारा लावून गेला. शंकर माझ्याकडे एकदाही बघेना.

ता. ११
गाव वेठीला गेलं. माझा सख्खा भाऊही. "देवीच्या शबुदाबाहेर कसा जाव?" एवढंच बोलला, कोयता घेतला आणि चालू लागला. मी गेलो नाही. दुपारी खोताच्या शेतावर धूर.

ता. १५
शंकरच्या अंगणात ऐनाचे वासे पडलेत. नवे. ऐन आहे तो फक्त खोताच्या रानात. जाऊन विचारलं.
म्हणे देवळाच्या दुरुस्तीला आलेत. मग तुझ्या दारात का? तर म्हणे, देवळात जागा नाही.
"आणि पाकळी?"
"मी उजवी पान्यावरच लावली व्हती. तिनं नाय सोडली, मी काय करू?"
म्हटलं, गावासमोर बोल हे. तर शांतपणे, "चल की. तू मला काय शिकवलंस त्येबी सांगतो."
तसाच परत आलो. असा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता, खोताचासुद्धा नाही. खोत परका. हा माझ्या ताटात जेवलेला माणूस.

ता. १७
आज नवलच. खोताच्या घरून भात कांडायला बायकांना बोलावणं आलं. एकही गेली नाही. शंकरची बायकोसुद्धा नाही. तात्या ओरडले, कौल झालाय. भागी विहिरीवरूनच म्हणाली, "कौल बाप्यांनी लावला. आमाला कुनी इचारलं व्हतं?"
छाती भरून आली. संध्याकाळी त्या भरात तिला सगळं सांगून टाकलं, पेजेचंसुद्धा. वाटलं, शंकरला दोन शिव्या देईल.
चूल फुंकायची थांबली. "म्हंजे तुमीबी."

ता. १८
बायका आजही गेल्या नाहीत.  भागी म्हणाली,
"आमी तुमच्या जिवावर थांबलाव. आता कुनाच्या थांबू?"
म्हटलं, हे सारं तुमच्यासाठीच केलं.
"मग आमाला इचारायचं व्हतंत."
उद्या सकाळी देवळात बैठक, बायकांना वळणावर आणायला. भागी म्हणते, तिथं सांगा. मी सांगणार नाय, तुमीच सांगा.
सांगितलं तर शंकर उघडा पडेल, त्याआधी मी. लोक म्हणतील, शपथसुद्धा मुंबईवाल्याची लबाडीच. बायकांचं जे उभं राहिलंय तेही मोडेल. नाही सांगितलं तर डावा कौल खरा ठरतो, आणि माझ्या घरात मी खोटा. दोन्हीकडून खोताचंच साधतं.

ता. १९
उजाडलं. देवळातली घंटा दोनदा वाजली. भागी लुगडं बदलून पडवीत बसली आहे, दाराकडे पाठ करून. पुढे चालायला लागत नाही आणि मला हाकही मारत नाही.