तिसरा पर्याय

३ मार्च, सोमवार

जनमत चाचणीचे फॉर्म तपासायला आले. देशभरातून. माझं काम ठरलेलं – काही घरी फोन लावायचा, आमचा माणूस खरंच आला होता का विचारायचं, एखादा प्रश्न पुन्हा विचारायचा. छापलेलं वाचायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. बत्तीस फोन झाले. ‘देश योग्य दिशेने चालला आहे का?’ एक आजोबा म्हणाले, “देशाचं राहू द्या बाई, आमची लिफ्ट कुठल्याच दिशेने जात नाही.” नोंदवलं: सांगता येत नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं – बत्तीस माणसांशी बोलले, मला कोणी काही विचारलं नाही.

४ मार्च

भाजी करपली. तशीच खाल्ली. तक्रार करायला कोण आहे!

५ मार्च, बुधवार

फॉर्मवर नाव नसतं, फक्त फोन नंबर. आज एक नंबर वाचला आणि पेन थांबलं. धाकट्या बहिणीचा. पाठ आहे. सहा वर्षांत लावलेला नाही.

आईच्या आजारपणात मीच तिला म्हणाले होते, “तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही. येऊ नकोस.” आली नाही. आई गेली. तेव्हापासून बोलणं बंद. शब्द माझेच. पण ती इतकी आज्ञाधारक कधीपासून झाली?

प्रश्न सतरावा: अडचणीत सर्वांत आधी कोणाला हाक माराल? जोडीदार, मुलं, भावंडं, शेजारी, कोणालाही नाही. तिची खूण तिसऱ्यावर. भावंडं.

तिला भावंड एकच आहे.

६ मार्च

तिच्या घरी जाऊन हा फॉर्म भरून आणणारा आमचा माणूस म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर. साहेबांना तो आधीपासून खटकतोय – त्याच्या फॉर्मवर एकही खाडाखोड नसते. “घरी बसून खुणा करतो हा. एक जरी खोटा निघाला, तर कामावरून घालवतो.” ओळखीच्या माणसाचा फॉर्म दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायचा, असा नियम आहे. नियम मीच लिहिलाय.

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

७ मार्च, शुक्रवार

लावला. ठेवणीतल्या आवाजात सगळं वाचलं – नमस्कार, जनमत चाचणीच्या कार्यालयातून बोलते, आमचे प्रतिनिधी आपल्याकडे आले होते का?

पलीकडे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग, “नाही. आमच्याकडे कोणी आलं नव्हतं.”

“नक्की?” हा शब्द छापलेला नव्हता.

“नक्की, मॅडम.”

मॅडम. तिचा आवाज थेट आईसारखा झालाय. माझा तिने ओळखलासुद्धा नाही.

म्हणजे खूण कंडक्टरची. दोन दिवस मी एका परक्या माणसाच्या खुणेवर खूश होते. फॉर्मवर ‘खोटा’ लिहिलं आणि पुढे पाठवला.

९ मार्च, रविवार

सतरावा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. पाचवा पर्याय: कोणालाही नाही. विचार करावा लागला नाही.

१० मार्च

साहेबांनी कंडक्टरला बोलावलं. तिथून तो सरळ माझ्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही, टोपी हातात.

“मॅडम, एकतीस वर्षं तिकिटं फाडली, खोटं एक नाही. त्या बाईंनी मला पाणी दिलं. सतराव्याला इतक्या थांबल्या की म्हटलं, पुढचा घेऊ का? तर म्हणाल्या, थांबा हो, सांगते.”

“फोनवर त्या नाही म्हणाल्या.”

“मग का नाही म्हणाल्या, ते त्यांना विचारा. संमतीच्या कागदावर त्यांची सही आहे.”

सह्यांची पाकिटं वेगळी येतात. उद्या येतील.

११ मार्च, मंगळवार

पाकीट फोडलं. सही तिची. खाली तिरकी रेघ आणि दोन टिंबं. माझी सही अशीच आहे. शाळेत असताना माझी बघून गिरवायची, आणि मी रागवायचे.

‘खोटा’ खोडून ‘खरा’ लिहिलं. साहेबांना सांगितलं – बहिणीचा फॉर्म आहे, नियम मी मोडला, कंडक्टरचा दोष नाही. ते बघतच राहिले. बघू देत.

११ मार्च, संध्याकाळ

म्हणजे पहिल्या नमस्कारालाच तिने मला ओळखलं होतं. ‘भावंडं’वर खूण तिने केली, हे मला कळू नये म्हणून नाही म्हणाली.

फोन समोर घेतलाय. आज वाचायला काही छापलेलं नाही.