मोडलेलं टोक

रविवार, मे १९९८

टोक मोडलंय. कुरुंदवाडच्या लोहारानं शिंगाची मूठ बसवून दिलेला माझा घडीचा चाकू, बारा वर्षं रोज खिशात. मेव्हण्यानं आंबा कापायला म्हणून नेला आणि रंगाचा डबा उचकटायला वापरला. वर म्हणतो, "दाजी, तुमच्याकडं पेटीभर चाकू हाईत की!" असतील. म्हणून याचं टोक परत उगवणार आहे का?

मीच का दिला? चाकू मी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवतो, समोरच्यानं उचलायचा. त्यालाही तसाच दिलेला.

आज जेवताना निर्लज्जानं कांदा चिरायला पुन्हा मागितला. मी पेटीतला दुसरा काढला, उघडला आणि थेट त्याच्या हातात दिला.

बायको ओरडली, "अवो, खाली ठेवा की! हातात दिला की भांडणं हुत्यात!"

म्हणून तर दिला.