गिलरीची डावी बाजू

सोमवार, १३ जानेवारी

रस्कने आज सकाळी माझ्या टेबलावर फाइल टाकली. आयझॅक गिलरी. वय बावीस, लुइझियानाचा. दोन कॉलेजं सोडून झाली, आता तिसरं आपलं. फुटबॉलमधला क्वार्टरबॅक: बॉल फेकणारा, संघ चालवणारा. मैदानात असा एकच.

"गुण काय, दोष काय. दोन पानं. शुक्रवारपर्यंत."

मी म्हटलं, हे दुसऱ्या कुणाला सांग. क्वार्टरबॅकचा कोच मी असलो तरी एमेट माझा मुलगा आहे. याच संघात, याच जागेसाठी तीन वर्षं बाकावर बसून काढलीत त्याने. या वर्षी त्याचा नंबर होता.

रस्क मुख्य कोच आहे, तो काही उगाच नाही. म्हणाला, "म्हणूनच तुझ्याकडून हवंय. उद्या कोणी म्हणायला नको की वेंडेल ड्रायलिंगला न विचारता आणला."

चांगलं लिहिलं तर पोराची जागा मी माझ्या हाताने दिली. वाईट लिहिलं तर काय, बाप आहे, लिहिणारच! दोन्हीकडून दार बंद.

मंगळवार, १४ जानेवारी

गिलरीचे चार सामने व्हिडिओवर पाहिले. एक तर दोनदा.

पोरगा चांगला आहे. उगाच कशाला खोटं लिहू, इथे कोण वाचतंय! अंगावर दोन धिप्पाड बचावपटू धावून येत असतात आणि हा उभा. पाय हलत नाहीत. शेवटच्या क्षणाला बॉल सोडतो, आणि तो पलीकडच्या पळणाऱ्याच्या हातात जाऊन बसतो, ठेवल्यासारखा. हे शिकवता येत नाही. मी एमेटला आठ वर्षांचा असल्यापासून शिकवतोय.

गुरुवार, १६ जानेवारी

एक गोष्ट सापडली. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा डावीकडे छान फेकतो. त्यानंतर जवळजवळ नाहीच. डावीकडचा गडी मोकळा पळतोय, हात वर करतोय, आणि हा उजवीकडे फेकतो. कधी पाहिलंच तर सगळी मान वळवून पाहतो. तेवढ्यात उशीर.

सापडल्यावर मला आनंद झाला. लिहून ठेवतो. पहिल्यांदा आनंद झाला, मग लाज वाटली. क्रम हाच.

शुक्रवार, १७ जानेवारी

दोन पानं दिली. पहिल्यावर गुण, दुसऱ्यावर डावी बाजू. रस्कने पहिलं पान नीट वाचलं. दुसरं अर्धं वाचून उलटं ठेवलं. "हे कोचने लिहिलंय की बापाने?"

खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं.

बुधवार, २२ जानेवारी

गिलरी आला. राहायची सोय वसतिगृहात, एमेटच्या खोलीत. रस्कचीच कल्पना!

रविवार, ९ फेब्रुवारी

लोर्नाने दोघांना जेवायला बोलावलं. माझ्या बायकोला घरात पोरं जेवताना पाहिली की बरं वाटतं, मग ती कुणाचीही असोत. भाजलेलं मांस, बीन्स, तिच्या आईच्या पद्धतीचे कोबी भरलेले पाव. गिलरीने चार खाल्ले. त्याची आजी मिरची घातल्याशिवाय पाण्यालाही हात लावत नाही म्हणाला, आणि लोर्ना हसून हसून बेजार. मला तो आवडू नये अशी माझी फार इच्छा होती.

मग लोर्ना त्याच्या डाव्या हाताला बीन्सचं भांडं घेऊन उभी राहिली. उभीच. तो समोर एमेटशी बोलत होता. भांडं त्याच्या कानापासून वीतभर. शेवटी तिने हाक मारली तेव्हा दचकला.

तिला वाटलं, बोलण्याच्या नादात असेल. मला सामन्यांतली त्याची ती वळलेली मान आठवली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज खात्री केली. व्यायामशाळेत तो एकटाच बाकावर बसला होता. मी डावीकडून जाऊन बॉल त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला धरला. मनात दहा मोजले. त्याला कळलंच नाही. मग मी श्वास सोडला, तो ऐकून वळला. माझ्याकडे पाहिलं, बॉलकडे पाहिलं, आणि समजला.

ऑक्टोबरमध्ये डोक्याला मार बसला होता. दोन दिवस डोळ्यापुढे चमकल्यासारखं झालं, मग डाव्या डोळ्याच्या कडेला सावली. आधी छोटी होती, आता वाढलीय. मी विचारलं, इथल्या तपासणीत कसा सुटलास. म्हणाला, तक्त्यावरची अक्षरं दिसतात, समोरचं सगळं दिसतं. कडेचं कोणी विचारलंच नाही.

"एक हंगाम द्या, कोच. पुढे मला कोणी घेणार नाही, हे मला माहीत आहे. हा एकच."

मी म्हटलं, डोळा जाईल.

तो बराच वेळ हातावरची पट्टी सोडत बसला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तर लोक म्हणतील, एमेटसाठी सांगितलंत. तुम्हाला ते नको असेल."

धमकी नव्हती ती. असती तर बरं झालं असतं.

गप्प राहीन म्हणालो. का म्हणालो? त्याच्यासाठी म्हणालो असं मी दिवसभर स्वतःला सांगतोय.

मंगळवार, ४ मार्च

वारा. सराव. काही नाही.

बुधवार, १२ मार्च

गिलरी पहिल्या संघात. एमेट दुसऱ्या. एमेट कुरकुर करत नाही. बाहेर जायचं का, दुसरं कॉलेज पाहू का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मी इथेच आहे, बाबा. बघू." इतका शांत तो कधीच नव्हता. मला अभिमान वाटला.

गुरुवार, २० मार्च

लोर्नाला सांगितलं. सहन होईना. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "तू नक्की कुणाला सांभाळतोयस, त्या पोराला की एमेटला?"

तिसरा एक माणूस आहे, त्याचं नाव तिने घेतलं नाही. बावीस वर्षं या कॉलेजात आहे मी. चर्चमध्ये, किराणा दुकानात, पेट्रोल भरताना लोक हात करतात. पोरासाठी दुसऱ्याच्या पोराला संपवणारा — हे नाव घेऊन मला याच गावात राहायचंय. बोललो तर ते नाव. नाही बोललो तर ते नाव नाही, पण रोज सकाळी सरावाला जाऊन त्या पोराच्या डाव्या बाजूला उभं राहायचं.

मी हल्ली खरंच तिथे उभा राहतो. कोणी अंगावर यायला लागला की ओरडतो. जणू सामन्यातही मला मैदानात उभं राहू देणार आहेत!

बुधवार, २६ मार्च

रस्कने सांगितलं, शनिवारचा सराव सामना खराखुरा. एरवी सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर लाल जर्सी असते, त्याला पाडायचं नाही. शनिवारी लाल जर्सी नाही. "मला बघायचंय मार खाऊन कोण उठतो."

गिलरीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी सातला रस्कच्या खोलीत गेलो. दार लावलं. सगळं सांगितलं.

त्याने खुर्ची मागे ढकलली. म्हणाला, जानेवारीपासून तुझं हेच चाललंय. आधी डावीकडे उशिरा बघतो, आता दिसतच नाही. उद्या म्हणशील त्याला हातच नाहीत.

मला ठाऊक होतं तो हेच म्हणणार. येताना गाडीत ठरवून आलो होतो.

"एमेटला खेळवू नकोस. या वर्षी एकही सामना नाही. ज्याला उभं करायचं त्याला कर. फक्त याला आज डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठव."

"लेखी देतोस?"

दिलं. त्याच्याच कागदावर, त्याच्याच पेनने. पोराला न विचारता पोराचं वर्ष लिहून दिलं.

रस्कने कागद वाचला. मग फोन उचलला.

शुक्रवार, २८ मार्च

डोळ्याचा पडदा फाटून सुटत आला होता. अजून एक जोराचा धक्का बसला असता तर डोळा गेलाच होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आज दुपारी शस्त्रक्रिया झाली. समोरची नजर बहुतेक वाचेल. फुटबॉल नाही. कधीच नाही.

दवाखान्यात गेलो. डोळ्यावर पट्टी, तोंड भिंतीकडे. चाहुलीवरूनच ओळखलं त्याने. "तुम्ही शब्द दिला होता."

हो म्हटलं. त्याची आजी येतेय बसने, तिला कुणी आणायला जाईल का, एवढंच त्याने विचारलं. मी जातो म्हटलं. नको म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, बसच्या थांब्यावर तिला उभं राहवत नाही, खुर्ची असली तर बघा.

शनिवार, २९ मार्च

आजीला आणलं. गाडीतून उतरताना तिने माझा हात धरला, तो आधारासाठी की कशासाठी, कळलं नाही.

सामना झाला. एमेट बाकावर. रस्कने त्याला कारण सांगितलं नाही, माझ्यावर सोडलंय. उद्या सांगणार. तो मला माफ करणार नाही. पण मी चूक केली असं मला वाटत नाही. अडीच महिन्यांत आज पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

रविवार, ३० मार्च

एमेट चर्चनंतर आला. मी सगळं सांगितलं, कागदाचंही. तो चिडेल म्हणून वाट पाहत राहिलो. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"मला माहीत होतं, बाबा. पहिल्या आठवड्यापासून. एका खोलीत राहतो आम्ही." मग म्हणाला, "शनिवारी लाल जर्सी नसणार होती. मी शनिवारची वाट बघत होतो."