उपग्रहाला दिसलेलं लाल रान

२ मार्च १९९७
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. सायकलवर पाइप बांधून सुरुवात केली, आज बारामतीत दुकान, आणि अंथुर्ण्यात कॅनॉलवरच्या आमच्या चारीच्या पाणी संस्थेचा चेअरमन. संकल्प: मे महिन्यात कॅनॉलच्या पाण्याची जादा पाळी आणायचीच. नाही आणली तर ऊस वाळणार आणि चेअरमनकी दत्तोबाकडे जाणार. तो टपूनच आहे.

९ मार्च
बारामतीत उपग्रहावर व्याख्यान. वरून प्रत्येक शेत दिसतं म्हणे. रंगांचं सांगायला लागले तेवढ्यात पाण्याच्या मोटारीचं गिऱ्हाईक भेटलं, बाहेर चहाला गेलो. हरकत नाही. कान तिखट आहेत, उरलेलं अंदाजानं कळतं.

६ एप्रिल
थोरल्या लेकानं, बुद्धघोषनं, पुण्याहून आमच्या भागाचा फोटो आणला. मार्चअखेरचा. अंथुर्णे लालभडक. काय ही होरपळ! पाटबंधारेच्या ऑफिसात दाखवला की काम फत्ते. बायको, केसरबाई, म्हणाली, आवो, आपला ऊस तर हिरवागार हाय, मग लाल कशापायी? समजावलं, एवढ्या उंचीवरून पिकाची आतली तहान दिसते. भाकरी थापायला गेली. पटलं असणार.
कोपऱ्यात बारीक इंग्रजी आहे. चष्मा दुकानात राहिला. उद्या वाचू.

१४ एप्रिल, संध्याकाळ
जयंतीला सगळा गाव जमलेला. मिरवणुकीआधी समाजमंदिरात फोटो लावला. दत्तोबा म्हणाला, साहेबराव, समद्यात लाल तुमचंच रान दिसतंय की. म्हटलं, व्हय, आमीच जास्त सोसलंय. मग ज्याला त्याला आपलं रान लाल हवं. भांडणं लागली. शेवटी प्रत्येकाच्या रानाभोवती पेनानं गोल केला, शेजारी नाव. दत्तोबानं स्वतःचा गोल दोनदा गिरवून घेतला.

२१ एप्रिल
केसरबाईला नसत्या शंका. म्हणते, पाण्याच्या अर्जात आपुन ज्वारी लिवलीया. सगळ्यांनीच लिहिलीय, ज्वारीला मंजुरी लवकर मिळते. आणि उपग्रह काय अर्ज वाचतो?
इंग्रजी राहिलंच. लग्नसराई.

२८ एप्रिल
ऑफिसात गेलो. साहेब फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. चहा मागवला. गोल कुणी केले, विचारलं. छाती काढून सांगितलं, मी स्वतः. साहेब म्हणाले, चेअरमन, या फोटोत हिरवं पीक लाल दिसतं. जितकं जोमात, तितकं लाल. ज्वारी तर मार्चअखेर निघालेली असते, मग या गोलांत उभं काय आहे? म्हटलं, उशिराची ज्वारी. म्हणाले, परवा बघायला येतो. चहा गोड होता.

३० एप्रिल
साहेब माझ्या ज्वारीत शिरले आणि दिसेनासे झाले. ऊस डोक्याच्या वर गेलाय. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, छान आहे.

१२ मे
जादा पाळी पलीकडच्या चारीला. त्यांचं रान फोटोत करडं होतं. आम्हाला अर्जाप्रमाणे, म्हणजे निघालेल्या ज्वारीपुरतं. म्हणजे काही नाही. चेअरमनकी दत्तोबाला. त्याचाही ऊस वाळतोय, पण तो सगळ्यांना माझं नाव सांगतो.
चष्मा सापडला. कोपऱ्यात पहिल्याच ओळीत तेच लिहिलंय, लाल म्हणजे हिरवं पीक.
केसरबाई बांधावरून येऊन म्हणाली, आता पानं पार सुकली, आता काढा म्हणावं फोटो.
रोजनिशी बंद. मोठी माणसं कमीच लिहितात.