रिकाम्या घराचा फोटो

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? आई सारखी खायला घालत असेल तर निमूट खा, तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. (फोन न करता पत्र का? पत्रात तुमचं ओरडणं ऐकू येत नाही.) दुकानाची काळजी अजिबात करू नका. मी आहे ना!

नवा कॉम्प्युटर एकदम भारी चाललाय. तुमचं एम्ब्रॉयडरीचं सॉफ्टवेअर इतकं म्हातारं, की नव्या मशीनवर पाय ठेवायला तयार नाही. मग मी नव्याच्या पोटात एक खोटा, जुन्या काळातला कॉम्प्युटर बसवला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सॉफ्टवेअरला वाटतं, आपण आपल्याच घरात आहोत. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्हही तिथेच लावायचे, म्हणजे व्हायरस आला तरी आतल्या आत मरेल, बाहेर तुमच्या बिलांना धक्का नाही. मामीला समजावलं तर म्हणाली, "म्हणजे सासऱ्यांना वेगळी खोली काढून दिलीस!" (कन्सेप्ट क्लिअर आहे तिचा.)

त्यात स्नॅपशॉटची सोय आहे. आहे त्या स्थितीचा फोटो काढून ठेवायचा, बिघडलं की बटण दाबायचं, सगळं फोटोतल्यासारखं. मी फोटो काढला, मग तुमची सगळी डिझाइन्स आत भरली आणि मामीला बटण दाखवलं. बिघडलं काहीच नाही. पण दुकान बंद करताना ती काउंटर पुसते, कात्र्या जागेवर ठेवते, तसं बटण दाबून तिने हेही आवरलं. सकाळी बघतो तर आत सगळं चकाचक, डिझाइन एकही नाही. कारण फोटो सामान भरायच्या आधीचा, रिकाम्या घराचा! टेक्निकली सिस्टिमने शंभर टक्के बरोबर काम केलं, हे मात्र तुम्हाला मान्य करावं लागेल.

शाळेच्या बॅजवरचा गरुड तेवढा अर्जंट आहे. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, यंदा शाळा उघडायच्या आत बॅज नाही मिळाले तर कायमचं समोरच्या दुकानात. मी स्वतः नवीन गरुड काढला. मामी म्हणाली, "कोंबडी छान आहे."

बाकी सगळं ठीक.

तुमचा लाडका (अजूनही, अशी आशा आहे)
भाचा

ता.क. : "आता याची गरज संपली, वाटेत भंगारात देऊन टाका," म्हणून जुन्या कॉम्प्युटरचं खोकं मीच तुमच्या डिकीत ठेवलं होतं. दिलं नसेल तर प्लीज देऊ नका. दिलं असेल तर धावत जाऊन परत आणा (गुडघा सांभाळून). खरा गरुड त्यातच आहे.

ता.क. दुसरा, माझ्याकडून : अहो, धावू नका. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. खोक्यात आपला जळका मिक्सर आहे. कॉम्प्युटर मी तुम्ही निघायच्या आधीच काढून कपाटामागे ठेवला होता. त्याच्यावरच बॅज भरून तयार आहेत. बाई न्यायला येतील तेव्हा याला कळेलच. तोवर सांगेन ते काम मुकाट्याने करतोय, काल पंखेसुद्धा पुसले.