ऊनाची खाट

अल्बर्टा, कामगार कॅम्प
ता. ३ ऑक्टोबर

प्रिय रो,
स. न. वि. वि. विनंती पुढे येईलच, आधी हे सांग की त्या खाटेत खोट काय आहे? रविवारी परत तेच काढलंस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आपटलास. म्हणून कागद घेतला. कागद आपटला तरी वाचावा लागतो.

अस्सल मेपलची खाट आहे ती. गँडर शहरातल्या दुकानात मी स्वतः गदागदा हलवून पाहिली. कठडा बरोबर माझ्या कमरेच्या पट्ट्याशी येत होता, जरासुद्धा डुगडुगली नाही. मार्चपासून ऊना तिच्यात झोपते, तेव्हा तुझी तक्रार नव्हती. आता पोरगी धरून उभी राहायला लागली, नर्स म्हणाली गादी तळाला न्या, तर म्हणे तुझा हात पोचत नाही. मग स्टूल घे ना! आई तरी कुठे उंच आहे? तिनं आम्हा चौघांना वाढवलं. माळ्यावरची आमची जुनी खाट, बाजू खाली सरकणारी, आण म्हणते, तर तीही नको. तुला हवंय तरी काय?

इथे तेलाच्या टाकीभोवती बारा तास परांच्या बांधून खांदे भरून येतात, वर हे. ऊनाला दात आला का?

लोभ उरला असेल तर असू दे.
तुझा सेल्बी


पिंचर्स टिकल, न्यूफाउंडलंड
ता. ११ ऑक्टोबर

प्रिय सेल्बी,
सप्रेम नमस्कार. दात आला. खालचा. चावायला तुझं बोट शोधतोय.

खाटेत खोट नाही, मापात आहे. मी चार फूट दहा. तो कठडा माझ्या काखेत रुततो. शनिवारी पाच किलो पिठाच्या पिशवीला दोन किलो साखर बांधली, जवळजवळ ऊनाएवढं वजन झालं, आणि झोपलेलं पोर ठेवावं तशी ती तळाच्या गादीवर ठेवून पाहिली. शेवटची वीतभर सोडूनच द्यावी लागते. तिसऱ्या खेपेला पिशवी फुटली. सासूबाई दारात उभ्या होत्या. आधी खो खो हसल्या, मग पिठानं पांढऱ्या झालेल्या गादीकडे बघितलं आणि झाडू आणायला गेल्या. तेव्हापासून जुन्या खाटेचं नाव काढलेलं नाही. त्या सरकत्या बाजूत पोरं अडकतात, म्हणून तसल्या खाटा आता विकतसुद्धा नाहीत, हे नर्सनं त्यांना दोनदा सांगितलं होतं.

आणि स्टूल म्हणतोस! डोळ्यांवर झोप, कडेवर पोर, आणि उतरताना माझा पाय चुकला तर उचलायला कोण येणार? अल्बर्टाहून तू?

म्हणून पिशवीपुरती तळाला नेलेली गादी परत वरच आहे. ऊना उभी राहिली की कठडा तिच्या जेमतेम पोटाशी येतो. ओणवी झाली की संपलं. ती झोपली की मी शेजारी खुर्ची टाकून बसते. आज नववा दिवस.

अठ्ठावीस दिवसांतले आठ दिवस तू घरी असतोस. उरलेले वीस दिवस ठेवणार मी, उचलणार मी. मग माप तुझ्या पट्ट्याचं का?

गँडरला एक बुटकी खाट आहे, कठडा माझ्या कोपराच्या खाली. मी नवी पिशवी घेऊनच गेले. दुकानातली बाई म्हणाली, बये, हे बेकरीचं दुकान नाही. मी पिशवी तळाला टेकवून दाखवली, आवाजही आला नाही. मग तिनं स्वतः ठेवून पाहिली. तीही माझ्याएवढीच आहे. किंमत तीनशे चाळीस. आपली जुळवलेली खाट ते परत घेत नाहीत. तुझे बर्फगाडीसाठी साठवलेले पैसे आहेत, मला माहीत आहे.

लोभ आहे, झोप नाही.
रोवेना


कॅम्प
ता. १९ ऑक्टोबर

प्रिय रो,
स. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा राग आला. पहिल्यांदा तुझा.

मधे बुधवार गेला. टाकीच्या जोडाखाली परांची बांधली होती, पक्की, माझ्या मनासारखी. वेल्डर आला, केप ब्रेटनचा डंकन, तुझ्याहून चार बोटं उंच असेल. चढला, हात वर केला, जोड फूटभर वरच राहिला. तिथूनच ओरडला, की अरे उंटा, जोड मी मारणार की तू? मुकादमानं सगळ्यांसमोर झापलं. चार वर्षं झाली, म्हणे, फळी बसवायच्या आधी काम करणाऱ्याला उभं करून माप घ्यायचं, हे आता तुझ्या आईला बोलावून शिकवू का? मी मुकाट्यानं फळ्या सोडल्या, डंकनला उभं केलं आणि परत बांधल्या. हसणारे हसत होते. मला मात्र सगळा वेळ तूच ओरडतेस असं वाटत होतं.

तुला उभं करून माप घेतलंच नाही मी. दुकानात तू बाहेर गाडीत बसली होतीस, पाय सुजलेले, आणि मी आत पट्टा लावून मोकळा झालो.

उंच खाट शेजारच्या नॉर्मनला विक, त्याची बायको पावणेसहा फूट आहे. नवी येईपर्यंत आईला खुर्चीची अर्धी पाळी दे. तिला वेगळी चिठ्ठी टाकली आहे, ती नाही म्हणणार नाही. बर्फगाडी गेली याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. आणि एवढ्या लांब बसून घरातल्या कशाचंच माप कळत नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

लोभ आहे तो ठेव, झोप मिळेल ती घे.
तुझा सेल्बी

ता. क. मनीऑर्डर सोबत आहे. खाटेचे तीनशे चाळीस, फुटलेल्या पीठ-साखरेचे चौदा. मिळून तीनशे चौपन्न डॉलर.