छपरावरची चादर

जिब्राल्टर, ३ ऑक्टोबर १९६९

चि. एंकार्नास अनेक आशीर्वाद.

पत्र टँजियरच्या मावशीमार्फत पाठवतोय. जूनमध्ये माद्रिदच्या सरकारने सरहद्दीचं फाटक बंद केलं, परवा टेलिफोनही तोडला. तुझं छप्पर माझ्या गच्चीवरून दिसतं, आणि पत्राला मात्र समुद्र दोनदा ओलांडून आठ दिवस लागतात.

मी रोज संध्याकाळी रेडिओवर वाचतो की पीठ आहे, पाणी आहे, इंग्रज आपल्याला सोडून जाणार नाहीत, घाबरू नका. घरी पलंगाखाली पिठाची दोन पोती दडवलीत. बायको म्हणते, लोकां सांगे ब्रह्मज्ञान! खरं सांगू? मला फार भीती वाटते.

आईचं दुखणं ऐकून टँजियरवरून यायला रजा मागितली, तर साहेब म्हणाले, चार दिवस दुसरा आवाज आला तर गाव म्हणेल, लिसांद्रोसुद्धा पळाला, आणि बोटीच्या तिकिटांना रांग लागेल. लंडनचे मंत्री येऊन गेले की दहा नोव्हेंबरला जा म्हणाले.

तोवर एक कर. आई बरी असेल त्या सकाळी छपरावर पांढरी चादर वाळत घाल. ती बघूनच मी कामावर जाईन. आईला माझा नमस्कार, तुला मायेची थाप.

तुझा दादा, लिसांद्रो

ला लिनेआ, १८ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

चादर रोज घालते. शेजारणी विचारतात, एकच चादर रोज कशाला धुतेस? म्हटलं, म्हातारपणी टापटीप सुचलीय.

आई रेडिओला कान लावून बसते. तू ‘घाबरू नका’ म्हणालास की मगच सूप पिते. गुरुवारी पाऊस आला म्हणून मी चादर घातली नाही, तर संध्याकाळी तुझा आवाज चिरकला. शेजारची कार्मेला, तिचा लेक तिकडे अडकलाय ना, ती रडायलाच लागली. आता पाऊस असो वा वादळ, चादर निघायची नाही. पिठाला पोरकिडे होतील, बघ हो.

तुझ्या मायेची भुकेली,
एंकार्ना

ला लिनेआ, ३० ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

दादा, दहा तारखेला धावपळ करू नकोस. आई बावीसला सकाळी गेली. शेवटी तुझंच नाव घेत होती.

चादर मी घालतच राहिले. तुला रडताना ऐकलं असतं तर दोन्हीकडची माणसं घाबरली असती. पण तुला फसवलं, हे मनाला खातंय. रागव, पण लिही.

तुझी एंकार्ना

जिब्राल्टर, ८ नोव्हेंबर

चि. एंकार्नास आशीर्वाद.

रागवू कशाला? मला चोवीसलाच कळलं होतं. चादरीशेजारी तू आईच्या गादीची लोकर धुऊन पसरली होतीस. उन्हाळा सोडून ऐन ऑक्टोबरात गादी कोण उसवतं, वेडे? घरातलं माणूस गेल्याशिवाय?

त्या संध्याकाळीही मी ‘घाबरू नका’ वाचलं. कसं वाचलं, माहीत नाही.

मंत्री गोड बोलून गेले, तरी लोक धास्तावलेत. रजा मीच परत केली. तेवीसच्या रविवारी सरहद्दीच्या कुंपणाशी ये. बाकीचे पलीकडच्या आपल्या माणसांना हाका मारतील, मी मारणार नाही. हा आवाज रडका ऐकून चालायचं नाही. नुसता उभा राहीन.

खोटी आहे हे ठाऊक असूनही रोज सकाळी तुझी चादर पाहिली की पाय कामाकडे वळायचे. माझं ऐकणाऱ्यांचंही असंच होत असेल. एवढ्यात ती काढू नकोस.

तुझा दादा